पिवळी लोकर

१

सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम म्हणजे टबांवरची जाळी वर करून बघायचं. कुणी मेलंय का, कुणी पळालंय का. लोक विचारतात, काय पाळलंयस? मी म्हणते, किडे. मग ते हसतात आणि हसता हसता जरा लांब सरकतात.

तलावाच्या काठावर आमचं केंद्र. केंद्र म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, आत ओळीनं मांडलेले काळे टब आणि शेडला चिकटून माझी खोली. टबांत जलपर्णी आणि जलपर्णीवर भुंगेरे. तांदळाच्या दाण्याएवढे, करडे, पुढं वाकडी सोंड.

अख्खा तलाव त्या जलपर्णीनं झाकला होता. इथं पाणी आहे हे नव्या माणसाला सांगावं लागायचं. होड्या अडकल्या, मासे संपले, माणसं उठून दुसरीकडं गेली, काठावरच्या घरांना कुलपं लागली. यंत्रानं उपसून झालं, माणसं लावून झालं, ती पुन्हा हजर. म्हणून हे भुंगेरे. मी टबात वाढवायचे, नावाडीकाकांनी होडीतून नेऊन तलावात सोडायचे. ते पानं कुरतडतात, त्यांच्या अळ्या देठ आतून पोखरतात आणि झाड हळूहळू पिवळं पडून बुडतं. औषध नको, यंत्र नको. वेळ तेवढा लागतो. वेळ माझ्याकडं चिक्कार होता.

नवरा लांबच्या बंदरात क्रेन चालवतो. त्याचं घरी येणं जहाजांच्या मर्जीवर. इथं मी आणि मुंगी. मुंगी म्हणजे माझी लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती की तिचा बाप म्हणाला, ही मुलगी कसली, मुंगी आहे. तेच नाव चिकटलं. ओळीतल्या शेवटच्या टबाला तडा गेला होता, त्यात पाणी राहायचं नाही. त्यात जुनी रजई घालून मी तिला बसवायची. ती मला बघायची, मी तिला. झोप आली की डावा कान ओढायची. सारखा ओढून ओढून तो कान लालच असायचा.

इथं आले तेव्हा मला एकाच गोष्टीची धास्ती. केंद्र चालवणाऱ्या मॅडम सगळं समजावत होत्या आणि मी मधेच म्हटलं, "मॅडम, हे चावत नाहीत ना? लहान मूल आहे हो."

मॅडमनी एक भुंगेरा उचलला आणि सरळ मुंगीच्या हातावर ठेवला. भुंगेरा मनगटापासून चालत निघाला, सोंड इकडं टेकवली, तिकडं टेकवली आणि बोटाच्या टोकाला जाऊन खाली पडला.

"बघितलंस? त्यानं विचारलं, तू जलपर्णी आहेस का? ही म्हणाली, नाही. संपला विषय. उपाशी मरेल, पण दुसऱ्या कशाला तोंड लावणार नाही. आमच्या घरातल्या माणसापेक्षा शहाणा आहे."

मी हसले. त्या दिवसापासून मला भुंगेऱ्यांची भीती वाटली नाही.

२

नव्या पानाला लोकरीचा धागा बांधायचा, ही मॅडमची कामाची पद्धत. जलपर्णीचं पान कोवळं वर येतं, जून होतं, खाली जातं. पानावर ओरखडे दिसले तर ते परवाचे की गेल्या महिन्यातले, कसं कळणार? म्हणून दर आठवड्याला वेगळा रंग. कोवळ्या पानाच्या देठाला सैलसर कडं बांधायचं. लाल लोकरीचं पान कुरतडलेलं दिसलं की समजायचं, लाल आठवड्यानंतर इथं कुणीतरी जेवून गेलंय.

पिवळी लोकर मॅडमनी बाद केली. मरायला टेकलेला देठही पिवळाच होतो, मग धागा दिसत नाही. सगळा गुंडा मला दिला. म्हणाल्या, "मुंगीला टोपी विण." मला विणता येत नाही हे मी सांगितलं नाही.

मुंगीला कडेवर घेऊनच मी धागे बांधायची. एक हात तिच्याखाली, एक हात कामाला आणि धाग्याचं एक टोक दातात. गाठ बसली की ते टोक दातानंच तोडायचं. त्यामुळं माझ्या गाठीचं एक टोक लांब राहतं आणि दुसरं आखूड, चावून पिंजारलेलं. मॅडम म्हणायच्या, "तुझे धागे उंदरानं बांधल्यासारखे दिसतात गं."

त्याच सुमाराला नर्सबाई येऊन गेल्या. त्यांनी मुंगीला तोललं, पुन्हा तोललं आणि काटा हलवून बघितला.

"वजन भरत नाही हिचं. खायला घालतेस ना नीट?"

एवढंच विचारलं त्यांनी. पण मला ते दिवसभर पुरलं. घालते हो. माझ्या ताटातलं काढून घालते. भरवताना ती तोंड फिरवते, मी चमचा घेऊन तिच्या तोंडाबरोबर फिरते. कुणाला बोलवून दाखवू की बघा, मी घालते?

त्या संध्याकाळी मी पिवळ्या लोकरीचं कडं मुंगीच्या मनगटात बांधलं. म्हटलं, पानावर जमतं तर पोरीवर का नाही? हात भरला की लोकर घट्ट होईल. घट्ट झाली की समजायचं, पोर वाढतेय.

लोकर घट्ट होईना. उलट थोड्याच दिवसांत ती मनगटावरून सरकून कोपरापर्यंत जायला लागली.

३

नावाडीकाका होडी बांधता बांधता ओरडले, "पोरी, तुझ्या लेकरांनी तलाव चाटूनपुसून खाल्ला बघ!"

खरंच होतं. अर्धा तलाव तपकिरी पडला होता. सडका थर खाली बसत होता आणि मधून मधून पाणी उघडं पडत होतं. इतक्या दिवसांनी आभाळ खालीही दिसायला लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाकलेलं पाणी बघायची सवय झाली की उघडं पाणी अंगावर येतं.

"एक पुंजका तेवढा सोडलाय त्यांनी," काका म्हणाले. "सगळ्या कुजक्यात जावयासारखा बसलाय. हिरवागार. कुणी हात लावायला तयार नाही."

"कुठं?"

"काल त्या कुलपं लावलेल्या घरांकडं होता. आज आलाय की तुझ्या धक्क्याला."

"वाऱ्यानं आला असेल."

काकांनी एक बोट तोंडात ओलं करून वर धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "वारा तर इकडून तिकडं जातोय." आणि स्वतःच हसले. "जाऊ दे. मला काय कळतंय? तूच खूण करून ठेवली असशील. तुझा पिवळा धागा आहे ना त्याच्यावर."

"काका, पिवळा आपण वापरत नाही."

"मग उंदरानं बांधला असेल," काका म्हणाले. मॅडमचा विनोद त्यांनाही माहीत होता.

४

मुंगीला घेऊन मी धक्क्यावर गेले. सगळीकडं कुजलेलं, वास मारणारं, आणि त्यात तो पुंजका. लहान मुलाच्या अंथरुणाएवढा. पानं जाड, तुकतुकीत, जणू आत्ता कुणी पुसून ठेवलीत. एकाही पानावर ओरखडा नाही. मी दिवसभर पानंच बघते. या तलावात न खाल्लेलं पान कसं असतं, ते मी विसरून गेले होते.

पुंजक्याच्या मध्यभागी पानं दोन्ही बाजूंना दबून आडवी झाली होती. कुणी आत्ताच उठून गेल्यावर गादी दिसते ना, तशी. आणि एका कडेला एक देठ. जलपर्णीच्या देठाला फुगा असतो, तरंगायला. हा फुगा मुठीसारखा गच्च होता आणि मुठीच्या खाली, जिथं मनगट असतं तिथं, पिवळी लोकर.

एक टोक लांब. एक आखूड, पिंजारलेलं.

लोकर घट्ट होती. इतकी की देठाच्या मांसात रुतली होती.

मी स्वतःला सांगितलं, गुंडा शेडमध्येच पडलेला असतो. तुकडा भुंगेऱ्यांच्या बादलीत पडला असेल, बादलीतून तलावात. होतं असं. देठ वाढत गेला, धागा अडकला. गाठीचं काय, असं विचारायचं माझ्या मनात आलं, पण विचारणार कुणाला? मीच विचारणार आणि मीच सांगणार.

तेवढ्यात मुंगी कडेवरून पाण्याकडं झेपावली. दोन्ही हात पसरून. असं ती फक्त माझ्याकडं झेपावायची. आणि हसली. ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तसं. मी तिला घट्ट धरलं. तिच्या ओळखीचं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. मुंगी तडा गेलेल्या टबात बसून खिडकीकडं तोंड करून बडबडत होती.

"कोण आलंय गं तिकडं?"

"कोण येणार इथं?"

"मग ही कुणाशी बोलतेय?"

"पाण्याशी."

"बोलू दे. तुझी कटकट ऐकून कंटाळली असेल."

"अहो, इकडं या ना एकदा. दोन दिवसांसाठी या."

"जहाज लागलंय. हे उतरलं की बघतो." मग म्हणाला, "रडतेय का ती? दोन ठिकाणांहून आवाज येतोय."

"पत्र्याची शेड आहे. घुमतो."

मुंगी रडत नव्हती. ती तोंड मिटून ऐकत होती.

५

मॅडमना फोनवर सांगितलं तर त्यांना आनंदच झाला. शिकलेल्या माणसाला न जुळणारी गोष्ट सापडली की होतो तसा. "उचलून टबात आण. भुंगेरे उपाशी ठेव आणि मग सोड त्याच्यावर. बघू कसे खात नाहीत."

काकांनी आणि मी मिळून पुंजका आणला. फक्त मुंगीच्या शेजारचा टब रिकामा होता. पुंजका दिसायचा त्याहून जड निघाला. "दगड खाल्लेत की काय हिनं," काका म्हणाले. 'हिनं' म्हणाले. मी ऐकलं.

उपाशी भुंगेरे सोडले. दुसऱ्या सकाळी जाळी उचलली तर सगळे टबाच्या काठावर, एकामागे एक, ओळीनं. पानांवर एकही नाही. काही जण तिथंच मरून पडले होते. पुंजक्यावर ओरखडा नाही.

"अशक्य," मॅडम म्हणाल्या. "जलपर्णी असेल तर ते खाणारच."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर काय, कोबी आहे का? अगं, आत दुसरा कुठला किडा लपला असेल, आपल्या भुंगेऱ्यांना पळवणारा. बुडवणी कर. जे असेल ते वर येईल."

बुडवणी मी नेहमी करते. भुंगेरे दिवसा देठांच्या बेचक्यात दडून बसतात, वेचता येत नाहीत. म्हणून झाडं जाळीखाली दाबायची, जाळीच्या कडांवर दगड ठेवायचे आणि टबात पाणी चढवायचं. श्वास कोंडला की भुंगेरे आपोआप वर येऊन जाळीला लागतात. मग टिपायचे. सोपं काम आहे. पण मी ते उद्यावर टाकलं आणि उद्या आला की परवावर.

कारण आवाज. माझ्या खोलीची आणि शेडची भिंत एकच, नुसता पत्रा. टबांचे आवाज मला पाठ आहेत. पाणी हललं की देठांचे फुगे एकमेकांना घासून कुरकुरतात. त्या टबातून कुरकुर यायची नाही. दुपारी मुंगीला निजवून मी शेजारी पडले की तिचा श्वास ऐकायची. नाक चोंदलेलं असायचं तिचं, बारीक सूं सूं व्हायचं. तिचं सूं झालं की पत्र्यापलीकडून एक सूं. मी माझा श्वास धरून बघितला, माझाच नाही ना म्हणून. माझा नव्हता. पाइप गळत असेल, म्हटलं. उठून सगळे नळ आवळून आले. परत येऊन पडले. सूं. सूं.

आणि पुंजका भरत होता. रोज थोडा. टबाच्या काठापर्यंत आला. मुंगीचं कडं आता दंडावरून खाली घसरताना मधे कुठं अडायचंही नाही.

तेव्हा मी ठरवलं, बुडवायचंच. काय असेल ते वर येऊ दे.

६

भर दुपार होती. पत्रा तापून टकटक वाजत होता. मुंगी तिच्या टबात, शेजारच्या टबात पुंजका. मी जाळी टाकली, चारी कडांना दगड ठेवले, नळ सोडला.

पानं पाण्याखाली गेली. बुडबुडे आले, ते येतातच. मग थांबले. भुंगेरा एकही नाही, दुसरा किडा नाही, काही नाही. मी नळ बंद केला. शेडमध्ये एवढी शांतता झाली की पत्र्याचं टकटकही मला मोठं वाटलं.

मग पुन्हा बुडबुडे. एकाच जागी. एक झुबका, मग थांबणं. एक झुबका, मग थांबणं.

जाळी मध्यावर वर उचलली गेली. खालून. तळहाताएवढा उंचवटा. आणि जाळीच्या भोकांतून पाच ठिकाणी काहीतरी वर आलं, पांढरट, लिबलिबीत, नुकत्याच फुटलेल्या मुळांसारखं. मुळंच असतील. पालथा झाला पुंजका तर मुळंच वर येणार. मी दगड आणखी आत सरकवला. तो मी सरकवला हे मला आठवतं.

उंचवटा दगडाखाली हलत राहिला.

आणि मागं मुंगीचा आवाज नव्हता. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना ही शांतता माहीत असते. मी वळले. मुंगीचं तोंड उघडं होतं, ओठ निळे पडले होते. आत हवा जात नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडात काही नव्हतं, भोवती काही नव्हतं, ती कोरड्या टबात कोरड्या रजईवर बसली होती आणि बुडत होती.

मी दगड भिरकावले. जाळी ओढली. माझ्या मुलीला उचललं.

उचललं म्हणजे उचललं. दोन्ही हात घातले, छातीशी ओढलं, पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. तिनं भडाभडा पाणी ओकलं आणि रडायला लागली. मीही रडायला लागले. "आहे गं आई, आई आहे," असं काहीतरी म्हणत मी शेडमध्ये येरझाऱ्या घातल्या.

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, ती ठिबकतेय. केस, झबलं, सगळं. माझे हात खांद्यापर्यंत ओले.

कोरड्या टबातली मुलगी ओली कशी झाली? हात जाळी ओढताना भिजले, मी स्वतःला सांगितलं. जाळी झटकली तेव्हा पाणी उडालं. मी तिला ओल्या अंगाशी धरलं. सगळं जुळतं. मी दोन्ही टबांत डोकावले. शेवटच्या टबात रजई, कोरडी, बसल्याचा खळगा पडलेली. शेजारच्या टबात पुंजका आडवा होऊन झुलत होता, मुळं पसरलेली. दुसरं काही नाही. कोरडा टब रिकामा आहे म्हणजे मी त्यातूनच उचललं ना? उघड आहे.

पण टब दोन्ही सारखे. काळे, एकमेकांना लागून. मला दगड आठवतात, छातीवर आलेलं वजन आठवतं. मधलं आठवत नाही. मी हात कोणत्या टबात घातले, ते आठवत नाही.

मग मी तिचं मनगट बघितलं. पिवळी लोकर ओली होती, रंग उडून मळकट झालेली. आणि मांसात रुतली होती.

७

"आता कसं!" नर्सबाई म्हणाल्या. "काटासुद्धा खूश झाला बघ. काय घातलंस खायला?"

"नेहमीचंच."

"मग आईचं मन लागलं असेल. तेही लागतं पोरांच्या अंगी."

मुंगी आता सगळं खाते. चमचा पुढं केला की तोंड उघडते. रात्रभर झोपते. दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप येते तिथं नेऊन बसवली की तासन्‌तास बसते, कुरकूर नाही. नवरा फोनवर म्हणाला, "आवाज भरलाय गं तिचा. ओळखूच आला नाही." मी म्हटलं, "मोठी होतेय." तो म्हणाला, "मग मुंगीची आता मुंगळी करायची का?" मी हसले. बराच वेळ हसत राहिले, तर तो म्हणाला, "बरी आहेस ना?"

झोप आली की ती कान ओढत नाही. नुसते डोळे मिटते. मी वाट बघते. मग मीच हळूच तिचा डावा कान ओढते. ती डोळे उघडून माझ्याकडं बघते, रागानं नाही, आपल्याशी चांगलं वागणाऱ्या परक्या बाईकडं बघतात तसं. लाल असायचा तो कान आता लाल नाही. मुलं बदलतात, नर्सबाईही म्हणाल्या. एक सवय जाते, दुसरी लागते.

लोकर मी कात्रीनं कापून टाकली. मनगटावर वळ राहिलाय.

पुंजका मी टाकला नाही. तलावात सोडते म्हणून उचलायला गेले, तर हलका लागला. एका हातात आला. आणि आत एक नवा देठ फुटलेला, काडीसारखा. त्याला पिवळ्या लोकरीचं कडं होतं. रंग झगझगीत. देठ बुडून आडवा पडला होता पण गाठ अजून कोरडी होती. एक टोक लांब, एक पिंजारलेलं. कडं इतकं सैल की हलवलं असतं तर गळून पडलं असतं.

मी हलवलं नाही. परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पानांवर ओरखडे होते. भुंगेरे खात होते. बाकीच्या टबांतली हिरवी पानं सोडून त्याच्यावर चढले होते.

८

मॅडम केंद्र बंद करायला आल्या. तलाव मोकळा झाला होता, काम संपलं होतं. त्या खुशीत होत्या. टब बघत बघत त्या पुंजक्यापाशी थांबल्या आणि टाळीच वाजवली.

"बघ, खाल्लाच की नाही शेवटी! म्हटलं नव्हतं, जलपर्णी असेल तर खाणारच?"

"हो मॅडम."

"आधी काय झालं होतं कुणास ठाऊक. जाऊ दे. सगळे टब काठावर उपडे कर, वाळू देत."

मग त्यांनी मुंगीला उचललं. "अरे बापरे! कोण ही पैलवान? तू मुंगी? आठवतं का गं तुला, आपली पहिली भेट?" आणि बोलता बोलता त्यांनी टबावरचा एक भुंगेरा टिपला.

"मॅडम, नको."

"अजून घाबरतेस?"

भुंगेरा मुंगीच्या हातावर बसला. मनगटाच्या वळापाशी. सोंड इकडं टेकवली. तिकडं टेकवली. मी बोटाच्या टोकाकडं बघत होते, आता चालेल, आता पडेल. मुंगीही बघत होती, अगदी हात स्थिर धरून.

तो चालला नाही. पाय रोवले आणि सोंड खाली केली.

"काय रे, रस्ता चुकलास?" मॅडम हसून म्हणाल्या.

मी झटक्यानं तो उडवला. मुंगीला त्यांच्या हातातून घेतलं. मॅडम समजुतीनं म्हणाल्या, "एकटी राहून राहून असं होतं. नवऱ्याकडं जाऊन ये थोडे दिवस." मी हो म्हटलं. मुंगीच्या मनगटावर काही होतं का, ते मी त्यांच्यासमोर बघितलं नाही. नंतर बघितलं, तेव्हा वळच होता. वळावर बारीक काही असेल तर ते वळातलंच.

९

सगळे टब उपडे केले. एक सोडून. पुंजक्याचा टब मी खोलीत आणलाय. मॅडमना सांगितलं, मुंगीला पाण्याशी खेळायला आवडतं.

काकांना आता तलावात काम नाही, तरी ते अधूनमधून डोकावतात. "घरात तलाव केलास होय," म्हणाले एकदा. मग टबात बघून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि जहाजाची वाट बघत बसू नकोस, तूच नवऱ्याकडं जा म्हणून सांगून गेले.

भुंगेरे सगळे मरत नाहीत. कुठून कुठून येतात. मी रोज सकाळी जाळी वर करून एकेक वेचते, देठांच्या बेचक्यात बोट घालून. अळी लागलेली पानं खुडते. पुंजका आता तळहाताएवढा राहिलाय, पण जिवंत आहे.

दुपारी मी मधे पडते. एका बाजूला मुंगी. तिच्यावर एक हात ठेवते, ती भरलेली, गार, शांत. दुसऱ्या बाजूला टब, त्यात दुसरा हात सोडते. काही वेळानं पाण्यात माझ्या बोटाभोवती काहीतरी येतं. मुळं असतील. पकड अगदी कमजोर असते, नर्सबाईंनी वजन भरत नाही म्हटलं होतं ना, त्या दिवसांसारखी. मी हलत नाही. टबाकडून बारीक सूं सूं ऐकू येतं. मुंगीच्या बाजूनं काहीच ऐकू येत नाही.

मी रोज तो काडीसारखा देठ बघते.

लोकर अजून सैलच आहे.